मधली मोकळी जागा

गिरिजाबाईंनी चष्मा काढला, त्याची एक काडी मिटली आणि दुसरी माझ्या नकाशाच्या बरोबर मध्यावर टेकवली. "माने बाई, हे मधलं काय आहे?" आवाजात वाकडं काही नव्हतं. मुख्याध्यापिकेनं भूगोलाच्या बाईला नकाशातली एखादी खूण विचारावी, इतकंच. मी खाली पाहिलं आणि मला उत्तर आलं नाही. कागद माझा, पेन्सिल माझी, प्रमाण माझं, उत्तर दिशेचा बाण माझा. अख्ख्या सोलापुरात खडूच्या एका रेघेत महाराष्ट्र काढणारी दुसरी बाई नाही हा माझा दिमाख, आणि माझ्याच नकाशातली जागा मला ओळख देईना. नववीच्या चाळीस मुलींना नाताळच्या सुट्टीत चार दिवस सातारच्या पलीकडच्या डोंगरात, रानात तळ टाकायला न्यायचं होतं. त्या तळाची मांडणी मी आदल्या दिवशी एका बैठकीत काढली होती. मुलींचे पाच मोठे तंबू, आम्हा बायांचे, स्वयंपाकाचे आणि सामानाचे पाच लहान, असे दहा तंबू गोलाकार, सगळ्यांची तोंडं आत. आणि आत, निम्मा कागद खाऊन बसलेलं एक रिकामं वर्तुळ.

"खो-खोला सोडलंय का बाई?" ड्रिलच्या रुद्रप्पा सरांनी विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले, कारण हसले नसते तर मलाच ठाऊक नाही हे दिसलं असतं. डोंगरात जायचंच ठरलं तर म्हणून सरांनी काढलेली मांडणी शेजारीच पसरली होती. ओढ्याच्या काठानं तंबूंच्या दोन सरळ रांगा, मधे झेंडा. सरांनी मुलांचे तीन कॅम्प काढलेले, तिन्ही हिप्परग्याच्या तळ्यावर, जिथून शहरातल्या गिरणीचा भोंगा ऐकू येतो. पण ते काही असो, संस्थेच्या मंजुरीच्या कागदावर एक ओळ होती, 'सोबत अनुभवी पुरुष मार्गदर्शक', आणि ती ओळ सरांना बसत होती, मला नव्हती. सरांचं मूळ म्हणणं सोपं होतं. मुलींचं काम आहे, जंगलबिंगल नको, हिप्परग्याला नेऊ, पुरीभाजी खाऊ, दिवेलागणीला घरी. गेल्या वर्षी असंच झालं. त्याच्या आदल्या वर्षीही. माझ्या मुलींनी डोंगर पाहिलाय तो फक्त माझ्या खडूचा, तपकिरी. गिरिजाबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "सोमवारी विश्वस्त येतायत. तोवर नीट सांगता येईल असं काहीतरी करा. नाहीतर मग सरांचंच." मी नकाशाची गुंडाळी केली आणि सोमवारी सांगते म्हणाले. पण काय सांगणार ते मला ठाऊक नव्हतं.

शनिवारची सकाळची शाळा सुटली तेव्हा रस्त्यावर ऊन उभं होतं. सोलापूरचं ऊन कार्तिकातही नमतं घेत नाही. गुंडाळी काखेत धरून मी चालत होते आणि स्वतःवर चिडत होते. एवढी जागा का सोडली? प्रमाण चुकलं म्हणावं तर तंबू प्रमाणात होते. विसरले म्हणावं तर वर्तुळ मी कंपासानं आखलं होतं, आधी तेच आखलं होतं, मग तंबू त्याच्याभोवती बसवले होते. हात आपोआप गेला होता. साखर पेठेच्या बोळात शिरल्यावर दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट सुरू झाली, आणि त्या खटखटीत मला कसा कोण जाणे दुसराच आवाज आठवला. खुरांचा. कोरड्या मातीवर शेकडो बारीक खुरं उतरतात तेव्हाचा. मी बोळात मधोमध थांबले. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली, तेलुगूत काहीतरी म्हणाला आणि बाजूनं गेला. ती जागा मेंढरांची होती. मी मुलींच्या कॅम्पात मेंढरांना जागा सोडली होती.

हे समजल्यावर आधी हसू आलं, मग कानशिलं तापली. मी सात वर्षांची होईपर्यंत असंच जगले आहे. दिवाळी झाली की माळशिरसकडच्या माळावरून आमचा वाडा निघायचा. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. आमच्यात वाडा म्हणजे पाचसहा बिऱ्हाडं, त्यांच्या घोड्या, कुत्री, कोंबड्या आणि मेंढरं, सगळं मिळून चालणारं गाव. फलटण, वाई, मग घाट उतरून खाली कोकणात, आणि आखाडाच्या आत परत. रोज नवं रान. रोज दुपार कलली की जाळं उभारून गोल करायचा, मेंढरं आत, भोवतीनं बिऱ्हाडं. माझं घर कुठं होतं असं कुणी विचारलं तर मला पत्ता सांगता येणार नाही, पण आकार सांगता येईल. वसतिगृहात घातलं तेव्हा पहिला महिना मी खोलीच्या कोपऱ्यात झोपूच शकत नव्हते. पाठीशी भिंत आणि समोर काहीच नाही, हे उलटं वाटायचं. तिथल्या बाईंना माझं दगडाबाई हे नाव बोचलं, त्यांनी शैला केलं. अर्थ तोच ठेवला, हे मला संस्कृत शिकल्यावर कळलं आणि गंमत वाटली. माने हे आडनाव तर सोयीचंच. ते कुणाचंही असतं. लोक आपापल्या परीनं समजून घेतात आणि मी कुणाची समजूत मोडत नाही. खोटं मी कधी बोलले नाही, विचारलंच नाही कुणी. पण सातवीच्या भूगोलात किरगीझ लोकांचा धडा आहे, तो मी चार तास शिकवते. त्यांचा तो लोकरीचा तंबू, युर्ट, फळ्यावर असा काढते की मुली टाळ्या वाजवतात. आणि पुढच्या धड्यात आपल्याकडच्या मेंढपाळांवर दोन ओळी आहेत, त्या मी सात मिनिटांत उरकते. दरवर्षी. घड्याळ बघून.

घरी आई उंबऱ्यात बसली होती. फुलाबाई बिरप्पा माने, वय तिला माहीत नाही, मला अदमासे साठ. बाहत्तरच्या दुष्काळात शेवटची मेंढरं गेली, मग घोडी गेली, त्याच्या आधी माझे वडील, अण्णा, गेले होते, आणि मी तिला सोलापूरला या एका खोलीत आणली. दोन वर्षं झाली. दोन वर्षं ती रोज सकाळी, मी शाळेला निघाले की, घरातलं सगळं सामान बांधते. अंथरुणं, भांडी, परात, पीठ, माझ्या साड्यासुद्धा. दोन गाठोडी, दोन्ही सारख्या वजनाची, एकीकडे जड झालं तर घोडीची पाठ सोलून निघते म्हणून. घोडी नाही हे तिला पक्कं माहीत आहे. डोकं तिचं माझ्यापेक्षा शाबूत आहे. पण दिवस उजाडला आणि सामान पसरलेलंच राहिलं की तिला बसवत नाही. सुरुवातीला मी भांडले, मग रडले, मग गप्प झाले. आता संध्याकाळी येऊन गाठी सोडते आणि स्वयंपाकाला लागते. तिच्या गाठी सोडायला दोन्ही हात आणि दात लागतात. शेजारच्या जगदेवीला मी सांगून ठेवलंय की घरात उंदीर फार झालेत, म्हणून बांधून ठेवतो.

मी नकाशा तिच्यासमोर जमिनीवर पसरला. का पसरला ते सांगता येत नाही. कदाचित कुणाला तरी दाखवायचा होता, आणि शाळेत दाखवून झाला होता. आईला अक्षर कळत नाही. तिनं कागद एकदा डावीकडे फिरवला, एकदा उजवीकडे, आणि म्हणाली, "वारं कुटनं येतंय?"

"कागदाला कुठलं वारं, आई?"

"मंग बिऱ्हाडांची तोंडं कशावरनं ठिवलीस?"

तिनं वर्तुळावरून बोट फिरवलं, आणि मधल्या रिकाम्या जागेबद्दल चकार शब्द काढला नाही. पृथ्वीवर तिला एकटीलाच तिथं काय आहे ते विचारावं लागलं नव्हतं. "वाडा बरा मांडलास," ती म्हणाली, "पर घोडी कुटं बांदली? आन कुत्री?" मी तिला सगळं सांगितलं. शाळा, मुली, डोंगर, सरांच्या दोन रांगा, ओढ्याचा काठ. ओढा म्हणताच तिनं मान हलवली. "पान्याच्या तोंडावर बसू न्हाय. पानी समद्यांचं असतंय. आपून तितं बसलो तर रानातल्यांनी प्यायचं कवा? ती येनार, आन आपून भ्येनार. चूक कुनाची?" मग ती सुरूच झाली. उंबराखाली बसू नये, फळाला कोण कोण येतं. गुरं बसून गेलेली जागा गार लागते, पण गोचीड सोडत नाही. घाटमाथ्यावर उंच जागा दिसली तर भुलू नये, खोलगटही नको, दोन्हीच्या मधे जिथं सुकं गवत एका अंगाला निजलेलं असेल तिथं वाऱ्याची वाट कळते. चुलीसाठी दगड ओढ्यातला आणू नये, तो फुटतो. मी वही घेतली आणि लिहू लागले. मी, जिनं आयुष्यात पाठाच्या नोट्ससुद्धा कुणाच्या उतरून घेतल्या नाहीत.

"हे सगळं अण्णा बघायचे?" मी विचारलं. माझ्या आठवणीत अण्णा पुढे आहेत. लाल फेटा, खांद्यावर काठी, मागं मेंढरांचा लोट. माझ्या मनातल्या मनात जो काही ताठा होता, कुणाला न सांगितलेला, त्याच्या डोक्यावर तोच लाल फेटा होता.

आई हसली. दुष्काळानंतर मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "बाप्ये मेंढराच्या मागं, गं. त्येंला काय ठावं? सकाळी ती चरायला जायची, बिऱ्हाड आमी लादायचो, घोड्या घिऊन फुडं आमी, जागा आमी धरायची. रानाच्या मालकासंगं बोलायचं आमी. सांजच्याला तुजा आन्ना यायचा आन लांबनंच वरडायचा, फुले, आज कुटं बसायचं? मी हात करायची, मंग ती मेंढरं वळवायची." तिनं बसल्या जागी हात केला. उजवा हात, कोपरापासून, जरा वर. बोळातून कुणी ते पाहिलं असतं तर रिक्षाला हात केला असं वाटलं असतं. मला मात्र त्या हातामागं शेकडो मेंढरं वळताना दिसली. मग दिसलं की माझी आई पुढे आहे. ती नेहमीच पुढे होती. मी घोडीवर सामानाच्या मधोमध बसलेली असायचे, आणि घोडीचा दोर तिच्याच हातात असायचा, आणि मी इतकी वर्षं मागं वळून फेटा शोधत होते.

त्या भरात मी जे बोलू नये ते बोलले. "पण आई, मेंढरं कुठायत आता? मी मधे रिकामी जागा काढून ठेवली आणि चारचौघांत हसं झालं माझं." बोलले आणि जीभ चावली. तिनं वर्तुळाच्या मधोमध तळहात ठेवला. "रिकामी कशाला राहील?" ती म्हणाली. "मधी रिकामं आसंल तर भवतीनं बसायचं कशाला? किती पोरी म्हनलीस?"

"चाळीस."

"आदी तोंडं दाव मला त्येंची." आणि उठून पाणी प्यायला गेली. तिला मोजता येत नाही, विसापुढं बोटं संपतात. पण संध्याकाळी मेंढरं आत आली की ती जाळ्याच्या तोंडाशी नुसती उभी राहायची, बघायची, आणि म्हणायची, पांढऱ्या कानाची न्हाय आली. आणि ती खरंच आलेली नसायची. तोंडं पाठ असली की मोजावं लागत नाही. त्या रविवारी मी नकाशासमोर बसून राहिले, पण खोडरबर हातात घेतलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर विश्वस्त गुरप्पा आले. कापडाचे व्यापारी, कपाळावर विभूती, चहा बशीत ओतून पिण्याची सवय. रुद्रप्पा सरांनी दोन रांगा समजावून सांगितल्या, छान सांगितल्या. मग गिरिजाबाईंनी माझा कागद उलगडला आणि काडी पुन्हा त्याच जागी टेकवली. या वेळी त्यांनी विचारलंही नाही.

"तिथं मेंढरं असतात," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही, कारण कुणाला ते पटकन कळलंच नाही. मला मात्र माझा आवाज ऐकून बरं वाटलं. तो वर्गातला आवाज होता, किरगीझांच्या धड्यातला. मी सांगितलं की मी धनगराची मुलगी आहे, वाटेवर जन्मले, घाटाच्या पायथ्याशी, कुठल्या गावाच्या शिवारात ते आईलाही नक्की आठवत नाही, कारण तेव्हा ती घाईत होती. सात वर्षं मी हे डोंगर वर्षातून दोनदा ओलांडले. तळ कसा टाकतात ते मला माझ्या हाताला विचारावं लागतं, आणि हातानं ही जागा सोडली. हे सांगताना मी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. खाली पाहावंसं वाटेल म्हणून मी तयारीत होते, पण वाटलंच नाही. उलट इतकी वर्षं मी एवढा ऐवज कपाटात का ठेवला, याचंच नवल वाटत होतं.

"बाई, आदर आहे," रुद्रप्पा सर म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "पण मुली म्हणजे मेंढरं नव्हेत. रांगेत शिस्त राहते."

"सर, तुमच्या रांगेतल्या शेवटच्या तंबूच्या पाठीशी काय आहे?"

त्यांनी कागद पाहिला. "काही नाही. जंगल."

"आणि त्या तंबूत कोण?"

"मुली."

"गोलाला शेवटचा तंबू नसतो," मी म्हणाले. ते म्हणतानाच माझी चूक मला दिसली. मेंढरांना जागा सोडली ही चूक नव्हतीच. मी मुलींना कडेला झोपवलं होतं, कुत्र्यांच्या आणि माणसांच्या बरोबरीनं, राखणीच्या जागी. आणि जे आता उरलंच नाही त्याच्यासाठी मधली ऊब राखून ठेवली होती. रिकामी कशाला राहील, असं आई म्हणाली होती. मी गिरिजाबाईंच्या टेबलावरचं खोडरबर उचललं, मुलींचे पाच मोठे तंबू कडेवरून पुसले आणि मधल्या वर्तुळात काढले. भोवतीनं आम्ही बाया, चूल, सामान, औषधं. ओढा तीनशे पावलं दूर नेला. वाऱ्याचा बाण काढला, उत्तरेच्या बाणापेक्षा मोठा. वर्तुळ बरोबर भरलं.

गुरप्पांनी बशी खाली ठेवली. "आमच्या मैंदर्गीच्या रानात बसवायचे की मेंढरं," ते म्हणाले. "गडीमाणूस तोंड उघडायचा नाही. बाईच बांधावर उभी राहून सांगायची, हितं बसतो म्हणून. आमची अव्वा, आई, तिच्याशीच बोलायची." मग त्यांनी मंजुरीचा कागद जवळ ओढला. "खरं, कागदावर पुरुष मार्गदर्शक लिहिलंय की हो. अनुभवी."

"अनुभवी आहे," मी म्हणाले. "माझी आई."

"वाचता येतं?"

"नाही. मोजताही येत नाही. पण चाळीस मुलींची तोंडं तिला दाखवा, मग एक जरी मागं राहिली तरी ती सांगेल कोण ते."

मला वाटलं होतं वाद होईल, आणि मी वादाला जय्यत तयार होते. गिरिजाबाईंनी ड्रॉवर उघडला, पट्टी काढली, मंजुरीच्या कागदावर ठेवली आणि 'पुरुष' या शब्दावरून लाल शाईची सरळ रेघ मारली. त्या कुठलीच गोष्ट हातानं वाकडीतिकडी खोडत नाहीत. "आईंचं पूर्ण नाव सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. "अनुभव किती वर्षांचा?" त्यांनी पुढं विचारलं. मी उलट विचारलं, लग्नाच्या आधीपासूनचा धरायचा का? गिरिजाबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि धरू या म्हणाल्या. गुरप्पांनी सही केली. रुद्रप्पा सर येणारच होते, यायलाच हवेत, भला माणूस आहे. त्यांनी स्वतःच विचारलं की त्यांचा तंबू कुठं. मी त्यांना गोलाच्या बाहेर, वाटेच्या तोंडाशी जागा दिली. आमच्या वाड्यात ती जागा कुणाची असे, ते मी सांगितलं नाही.

घरी पोचले तेव्हा आई उंबऱ्यात नव्हती. आत, भिंतीला टेकून बसली होती, शेजारी दोन्ही गाठोडी. मी चपला काढल्या आणि म्हणाले, "आई, ठरलं. तू पुढं. जागा तू धरायची." तिनं मान डोलावली. जगात कुणीतरी दुसरं धरील असं तिला वाटलंच नव्हतं. "कवा निगायचं?" तिनं विचारलं. अजून पाच आठवडे आहेत म्हटल्यावर तिला ते फार वाटले नाहीत. "पोरी कवा दावतीस?" उद्या, मी म्हणाले. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या ओळीनं उभ्या असतात, तू नुसती दाराशी उभी राहा.

मग मी सवयीनं गाठोड्याशी बसले आणि गाठीला हात घातला. गाठ दगडासारखी होती. मी तिच्यावरून बोट फिरवलं, दुसरं गाठोडं उचलून पाहिलं, मग पहिलं उचललं. वजन सारखं होतं, काटेकोर. मी हात काढून घेतला. आई बघत होती. पिठाचा डबा तेवढा वर राहिला होता, परात गाठोड्यात होती. मी शेजारी गेले. जगदेवीनं विचारलं, "गावाला निघालात की काय?" हो, मी म्हणाले, आम्ही निघतोच दरवर्षी या दिवसांत. आणि भाकरीपुरती तिची परात मागून आणली.